तरुणांचे कपडे आणि ते विकणारी चित्रे

रेडिमेड कपड्यांच्या दुकानात हंगामाचा माल उतरतो तेव्हा त्याच्या गठ्ठ्यांबरोबर कंपनीची चित्रेही उतरतात. काउंटरमागे लावायची पोस्टरे, काचेवर चिकटवायचे स्टिकर, पाटीसाठी फ्लेक्स आणि अलीकडे ‘हे तुमच्या पेजवर टाका’ अशा सूचनेसह मोबाइलवर आलेली रील्स. माझ्या वडिलांचे कापडाचे दुकान सांगलीच्या कापड पेठेत होते. मी आणि माझे यजमान विश्रामबागेत तयार कपड्यांचे दुकान चालवतो आणि आमचे बहुतेक गिऱ्हाईक शाळेच्या वरच्या वर्गांतले किंवा कॉलेजातले असते. त्यामुळे ही चित्रे वर्षानुवर्षे माझ्या हाताखालून जात आली आहेत आणि त्यांच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

पहिली गोष्ट अगदी धंद्याची आहे. तरुणांच्या कपड्यांच्या या चित्रांत कपडा फारच थोडा दिसतो. हे मी सोवळेपणाने म्हणत नाही, दुकानदार म्हणून म्हणते आहे. जीन्सच्या पोस्टरवर उजेड असतो तो मुलाच्या उघड्या पोटावर, आणि जीन्सची शिलाई, खिसे, धुलाईचा रंग हे सगळे काळोखात गेलेले असते. टी-शर्टच्या चित्रात टी-शर्ट अर्धा वर ओढलेला असतो. मुलीच्या टॉपच्या चित्रात तिची मान मागे गेलेली, ओठ किंचित विलग आणि नजर थेट पाहणाऱ्यावर रोखलेली असते, पण टॉपचा गळा कसा आहे किंवा कापड अस्तराचे आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. एखाद्या मुलाने पोस्टरकडे बोट दाखवून ‘हीच द्या’ म्हटले, तर ‘ही’ कोणती हे मला लॉटच्या नंबरावरून शोधून काढावे लागते.

आपल्याकडे अशा चित्रांवर आक्षेप घेतला जातो तो बहुधा उघड्या अंगावर, आणि तो मला पटत नाही. सांगली जिल्ह्यात वाढलेल्या माणसाने उघड्या अंगाला बिचकावे असे काही कारणच नाही. कुंडलच्या कुस्तीच्या मैदानात लंगोट लावलेले पैलवान हजारो लोकांसमोर उतरतात, म्हातारेकोतारे, पोरेबाळे त्यांच्याकडे टक लावून पाहतात आणि कोणाच्या मनात वावगे येत नाही. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मान्यांचा लंगोटातला फोटो भिंतीवर लावताना कोणत्याही घरातल्या आईला संकोच वाटणार नाही. कारण त्या शरीराला काम आहे. पाहणारा डाव पाहतो, पकड पाहतो, घामाने आणि मातीने भरलेली पाठ पाहताना तिच्यामागची मेहनत पाहतो. पोस्टरवरच्या शरीराला मात्र पाहिले जाण्यापलीकडे काही काम दिलेले नसते. आणि ज्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी ते पोस्टर छापलेले असते त्यांना ते असे सुचवते की, तुमच्या अंगाचेही मुख्य काम हेच आहे. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मी सोडायला तयार नाही.

आकर्षक चित्र दाखवून कापड विकणे ही काही आजची गोष्ट नाही. मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर देवदेवतांची, राजेरजवाड्यांची आणि नटलेल्या स्त्रियांची रंगीत लेबले चिकटवलेली असत आणि बाजारात माल त्या छापांवरून ओळखला जाई. आमच्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या बालगंधर्वांनी रंगभूमीवर नेसलेल्या साड्या, त्यांचे दागिने, त्यांची पदर घेण्याची ढब यांचे अनुकरण चांगल्या घरच्या बायका करीत, हे तर मराठी माणसाला सांगायला नको. एका पुरुषाने स्त्रीसौंदर्याचा वस्तुपाठ घालून द्यावा आणि बायकांनी तो हौसेने गिरवावा, हे माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत गमतीदार प्रकरण आहे. पण तिथे नटण्याची हौस होती, ती प्रौढ बायकांची होती, आणि लोक नाटकाला जात होते ते गाणे ऐकायला.

शाळकरी वयाच्या ग्राहकाला लैंगिक सूचकतेने कपडे विकण्याची आजची रीत अमेरिकेत घडली आणि तिच्यातला एक ठळक टप्पा १९८० सालचा आहे. कॅल्विन क्लाइन या कंपनीने ब्रूक शील्ड्स या १५ वर्षांच्या अभिनेत्रीला घेऊन जीन्सच्या जाहिराती केल्या. जीन्सच्या आत काहीच नाही असे सुचवणारे वाक्य त्या मुलीच्या तोंडी घातले होते. काही दूरचित्रवाणी केंद्रांनी त्या जाहिराती दाखवायला नकार दिला, गदारोळ झाला आणि कंपनीचे नाव घराघरांत गेले. १९९५ मध्ये त्याच कंपनीने अगदी कोवळ्या दिसणाऱ्या मुलामुलींची अशी काही छायाचित्रे काढवली की अमेरिकेच्या न्याय विभागाने चौकशी सुरू केली. जाहिराती मागे घेतल्या गेल्या, खटला मात्र झाला नाही. या दोन प्रसंगांतून बाजाराने जो धडा घेतला तो उलटाच होता. गदारोळ हीच फुकटची जाहिरात, हे सगळ्यांना कळून चुकले.

तो धडा सर्वांत मन लावून गिरवला तो अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या कंपनीने. १८९२ मध्ये शिकारीचे आणि रानात भटकण्याचे सामान विकणारी ही न्यूयॉर्कची पेढी. तिची सूत्रे १९९२ मध्ये माइक जेफ्रीज यांच्या हाती आली आणि पुढच्या काही वर्षांत तिच्या दुकानांच्या दारात उघड्या छातीची मुले उभी राहू लागली. १९९७ ते २००३ या काळात निघालेल्या तिच्या नियतकालिकात कॉलेजवयाच्या मुलामुलींची नग्न आणि अर्धनग्न छायाचित्रे असत. २००२ मध्ये तिच्या मुलांच्या विभागाने लहान मुलींसाठी सूचक शब्द छापलेली अंतर्वस्त्रे आणली आणि पालक संतापले. जेफ्रीज २०१४ च्या अखेरीस पायउतार झाले. २०२४ मध्ये त्यांच्यावर तरुण पुरुषांच्या लैंगिक शोषणाशी संबंधित गंभीर आरोप ठेवण्यात आले, जे त्यांनी नाकारले. मला व्यापारी म्हणून त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. उघड्या छातीचे प्रदर्शन कंपनीने २०१५ मध्ये बंद केले, पुढे कपड्यांच्या मापांकडे आणि बेतण्याकडे लक्ष दिले, आणि २०२४ च्या आर्थिक वर्षात तिची विक्री तिच्या तोवरच्या साऱ्या इतिहासातली सर्वाधिक ठरली.

म्हणजे ही चित्रे खरोखर माल विकतात का, हा प्रश्न विचारायला हवा. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लैंगिक आवाहन असलेल्या जाहिरातींविषयीच्या ७८ अभ्यासांचा एकत्रित पडताळा घेतला. लोकांच्या अशा जाहिराती लक्षात राहतात, पण त्यांतला ब्रँड अधिक लक्षात राहतो असे नाही, आणि त्यामुळे खरेदीची इच्छा वाढते असेही दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. काउंटरवर बसणाऱ्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. आमच्याकडे तासगाव, आष्टा, कवठेमहांकाळकडून येणारी आई मुलाला पुढे करते आणि म्हणते, “ताई, जरा वाढत्या अंगाची दाखवा.” मग रंग जाईल का, आटेल का, उसवली तर बदलून द्याल का, असे प्रश्न येतात, आणि शेवटी दराची घासाघीस होते. पोस्टरवरच्या पोटाचा त्या सगळ्या बोलण्यात कुठेही संबंध येत नाही. तरी चित्रे येतच राहतात, कारण ती गिऱ्हाइकासाठी नसून दुसऱ्या कंपनीच्या पोस्टरशी स्पर्धा करण्यासाठी असतात, असा माझा अंदाज आहे. कंपनीच्या प्रतिनिधीला मी एकदा विचारले तेव्हा त्याने नम्रपणे सांगितले, “मॅडम, हे वरूनच येतंय, आम्ही फक्त पोचवतो.”

चित्राने विक्री होत नसेल तर मग बिघडते काय, असे कोणी म्हणेल. बिघडते ते ट्रायल रूममध्ये. पडद्यामागे गेलेली मुलगी बराच वेळ बाहेर येत नाही, आणि आली की कपडा हातात देऊन म्हणते, “काकू, माझ्यावर तसं दिसंना झालंय.” ‘तसं’ म्हणजे चित्रातल्यासारखे. कपडा बसलेला असतो, माप बरोबर असते, तिला तो आवडलेलाही असतो, पण आरशात तिने कपडा पाहिलेला नसतो, स्वतःचे अंग तपासलेले असते आणि त्यात खोट काढलेली असते. मुले बोलत नाहीत, पण एक माप लहान शर्ट मागतात, दंडावर ताणून बघतात आणि पोट आत घेऊन उभी राहतात. जिममध्ये जाणारी, डब्यातली पावडर पिणारी सोळा वर्षांची पोरे आता सांगलीतही कमी नाहीत. त्यांच्या आजोबांनीही तालमीत जोर काढलेले होते, पण ते कुस्ती जिंकण्यासाठी.

या आरशाविषयी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग मला फार बोलका वाटतो. कॉलेजातल्या मुलामुलींना एकेकट्याने खोलीत नेऊन, मोठ्या आरशासमोर, काहींना पोहण्याचा पोशाख आणि काहींना स्वेटर घालायला दिला आणि तो अंगावर असतानाच गणिताची चाचणी सोडवायला लावली. खोलीत पाहणारे कोणी नव्हते. तरीही पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरमधल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले. मुलांच्या बाबतीत तेव्हा असा फरक दिसला नाही, पण २००४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मुलांना अधिक तोकडा पोशाख देऊन असाच प्रयोग केला तेव्हा त्यांचेही गुण घसरले. स्वतःकडे सतत परक्याच्या नजरेने पाहत राहण्यात मनाची जी शक्ती खर्च होते ती दुसऱ्या कामाला उरत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. हे वाचल्यावर ट्रायल रूमच्या पडद्याकडे मी थोड्या वेगळ्या काळजीने पाहू लागले. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या २००७ मधल्या अहवालाने मुलींच्या लैंगिकीकरणाचा संबंध खाण्यापिण्याच्या विकारांशी, ढासळलेल्या आत्मविश्वासाशी आणि नैराश्याशी जोडला होता. आणि त्या अहवालाच्या वेळी इन्स्टाग्राम अस्तित्वातही नव्हते.

आता कायदा. आपल्याकडे १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य प्रतिरूपणाला मनाई करणारा कायदा आहे. त्यात जाहिरातींचा स्पष्ट उल्लेख आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दोन हजारांत आज आमच्या दुकानात दोन बऱ्या जीन्सही येत नाहीत. शिवाय तो कायदा स्त्रीच्या प्रतिमेपुरता आहे, मुलाचे उघडे पोट कसे छापले जाते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. चित्रात अल्पवयीन मूल वापरले तर मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होऊ शकतो. पण चित्रातली व्यक्ती तेवीस वर्षांची आणि पाहणारे मूल तेरा वर्षांचे, हा जो नेहमीचा प्रकार आहे, त्याला हे कायदे नीट पकडू शकत नाहीत. ब्रिटनमधल्या जाहिरात नियामकांनी २००९ मध्ये अमेरिकन अ‍ॅपरल या कंपनीची एक जाहिरात बंद केली तेव्हा मॉडेल २३ वर्षांची असल्याचे कंपनीने सांगितले होते. ती सोळा वर्षांखालची वाटू शकते, एवढे कारण नियामकांना पुरे झाले. आपल्याकडे प्रमाणपत्रावरचे वय विचारले जाते, चित्र कोणाला काय सांगते हे विचारले जात नाही.

उलट, नग्नता दिसली की आपली यंत्रणा केवढी दीर्घोद्योगी होते ते पाहण्यासारखे आहे. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे या दोन सज्ञान मराठी माणसांनी १९९५ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीसाठी, पायातले बूट आणि अंगाभोवतीचा अजगर सोडून काहीही न घालता छायाचित्र काढून घेतले. त्यावरचा खटला २००९ पर्यंत चालला आणि सगळे निर्दोष सुटले. अजगरामुळे वन्यजीव संरक्षण कायद्याचाही त्यात समावेश झाला होता, ही त्यातली एकमेव करमणूक. याउलट २०१६ मध्ये जॅक अँड जोन्स या तरुणांच्या ब्रँडच्या फलकांवर सूट घातलेला रणवीर सिंग ऑफिसातल्या स्त्रीला खांद्यावर टाकून निघालेला होता आणि शेजारचे वाक्य ‘काम घरी घेऊन जा’ अशा आशयाचे होते. तिथे अंग जवळजवळ झाकलेलेच होते. माझ्या मते तरुण मुलांना वाईट शिकवण देणारी जाहिरात अजगराची नव्हे, ही होती. ती मागे घेतली गेली आणि माफीही मागितली गेली ती कायद्यामुळे नव्हे, लोकांनी उघडपणे टीका केली म्हणून.

लोकांच्या टीकेला आपल्या गावांत मात्र एक वाईट वळण लागते, आणि मला त्याची जास्त भीती वाटते. कोणी तरी पोस्टर पाहून चिडतो, भाषण होते, आणि भाषणाचा शेवट कंपनीवर न होता मुलींच्या जीन्सवर होतो. मग कॉलेजच्या दारात ओढणी तपासली जाते. ज्या मुलीने ते चित्र काढले नाही, छापले नाही आणि मागितलेही नाही तिच्याच अंगावर पुन्हा सगळ्यांच्या नजरा वळतात, म्हणजे पोस्टरने जे केले तेच संस्कृतिरक्षकही करतात. विकणाऱ्याचे चित्र आणि घालणारीचा कपडा या दोन वेगळ्या बाबी आहेत. आमच्याकडून बिनबाह्यांचा टॉप घेऊन जाणारी मुलगी तो उन्हाळ्यासाठी नेते, हौसेने नेते, मैत्रिणीकडे आहे म्हणून नेते, आणि त्यातल्या एकाही कारणाचा खुलासा तिने कोणाला देण्याची गरज नाही. पोस्टरविषयीचे माझे म्हणणे वापरून कोणी तिला हटकणार असेल तर मी त्या मुलीच्या बाजूला उभी राहीन.

खरे तर पोस्टर आता मागे पडत चालले आहे. चौकातल्या फलकाला एक लगाम होता. तो आजोबा, नात, रिक्षावाला आणि दुकानदार असे सगळे एकाच वेळी पाहत असत, त्यामुळे फारच अतिरेक झाला तर कोणी तरी बोलून दाखवी. मोबाइलवरची जाहिरात एकेकट्याला दिसते. शेजारच्या बाकावरच्या मुलीला काय दिसले हे बाईंना कळत नाही आणि आईलाही कळत नाही, मग तक्रार करणार कोण? १९८५ पासून काम करणारी, जाहिरात व्यवसायाची स्वतःचीच जाहिरात मानक परिषद तक्रारी घेते, पण तक्रारीसाठी प्रौढ माणसाने ती जाहिरात पाहिलेली असावी लागते. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी न्यूनभाव निर्माण करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या ऑनलाइन वावराचा माग काढण्याला आणि हेरून त्यांच्यापर्यंत जाहिराती पोचवण्याला मनाई केली, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कागदावर हे सगळे उत्तम आहे. पण आमच्या भागात कितीतरी मुली आईचा किंवा भावाचा फोन वापरतात, आणि ज्यांचे स्वतःचे खाते असते त्यांनी जन्मसाल मागे ढकललेले असते. यंत्राच्या लेखी ती मुलगी चाळीस वर्षांची बाई असते आणि तिला काय दाखवावे याचा हिशेब त्याप्रमाणेच होतो.

आमच्या हातात जे आहे तेवढे आम्ही करतो. कंपनीच्या चित्रांतली ज्यांत कपडा दिसतो ती लावतो, बाकीची गठ्ठ्याच्या पुठ्ठ्याबरोबर रद्दीत जातात आणि त्यावरून आजवर कोणत्याही कंपनीने माल थांबवलेला नाही. दुकानाच्या पेजसाठी फोटो काढताना अठरा पूर्ण झालेल्या, लेखी होकार दिलेल्या मुलामुलींनाच घ्यायचे, त्यांना हिंडायला-फिरायला, सायकल चालवायला, बसायला-उठायला सांगायचे, आणि शाळकरी मापांचे कपडे टेबलावर पसरून कापड व शिलाई जवळून दाखवायची, असे आम्ही ठरवले.

माझी मुलगी विलिंग्डन कॉलेजात शिकते आणि पेज तीच सांभाळते. तिला हे अर्धवट वाटते. “आई, टेबलावर पसरलेला कुर्ता कोण बघतंय? आणि चौदा वर्षांच्या मुलीला तू अठरा वर्षांची बारीक मुलगी दाखवलीस तर तिला परत तेच वाटणार ना, आपलंच अंग चुकलंय म्हणून?” तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. शाळकरी मुलामुलींना कॅमेऱ्यासमोर उभे करायला मी तयार नाही, म्हणून पुतळे वापरावेत असे ठरले, तर बाजारात मिळणारे पुतळे सगळे एकाच बांध्याचे निघाले. व्यापाऱ्याने फोनवर सांगितले की बुटक्या किंवा जाड पुतळ्यांना मागणीच नाही. शेवटी मुलीनेच मिरजेच्या बाजूचा एक गणपतीच्या मूर्ती करणारा कारागीर शोधला. शाळकरी मुलामुलींचे वेगवेगळे बांधे त्याला आमच्या मापांच्या वहीवरून आकड्यांत काढून दिले आहेत, आणि फायबरमध्ये एकेक नग केवढ्याला पडेल हे तो हंगाम संपल्यावर, दसऱ्यानंतर सांगणार आहे.